राखण

आमच्या नेवासे तालुक्यात शाळू ज्वारी हुरड्यात आली की घरातल्या एका तरी पोराची शाळा बुडायची. पहाट फुटायच्या आत शेतातल्या माळ्यावर जाऊन बसायचं, गोफणीत ढेकळं घालून भिरकवायची आणि घसा बसेपर्यंत हाऽऽ हाऽऽ करत ओरडायचं. आमच्या घरात ही राखण माझ्याकडं असायची. थंडीचे दिवस, अंगावर आजीची गोधडी आणि पोटात काही नाही. मला त्या कामाचा भारी कंटाळा.

एकदा मी मुद्दामच उशिरा गेलो. उन्हं चांगली वर आली होती. शेताकडं पाहिलं, तर काहीच गेल्यासारखं दिसेना. घरी येऊन आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना म्हणालो, "एक दिस न्हाई गेलं तर काय बी होत न्हाई, आण्णा. शेत जिथल्या तिथं हाय."

आण्णा रागावले नाहीत. माझ्या दंडाला धरून मला शेतात घेऊन गेले आणि एक कणीस वाकवून दाखवलं. शेंड्याकडचे पंधरा-वीस दाणे गेलेले, बाकीचं कणीस भरलेलं. मग दुसरं दाखवलं, तिसरं दाखवलं. म्हणाले, "पाखरू एका दिसात शेत खात न्हाई, बाबा. रोज चार दाणे खातं. म्हणून राखण बी रोजच करावी लागती."

हे वाक्य मी नंतर त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं. पण तेव्हा ते ज्वारीबद्दल नसायचं, संध्याकाळच्या प्रार्थनेबद्दल असायचं.

आमच्या वस्तीवर ख्रिस्ती माणसांची दहा-बारा घरं होती. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं आणि तिथून ते खेड्यापाड्यांत पोचलं. आमचे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. पगारातून पैपै करून त्यांनी नऊ एकर जमीन केली आणि दोन मुलांना साडेचार-साडेचार वाटून दिली. जमिनीखेरीज त्यांनी घराला लावून दिलेली दुसरी गोष्ट म्हणजे कुटुंबाची उपासना.

दिवेलागण झाली की आई कंदिलाची काच राखेनं पुसायची. आण्णा हातपाय धुऊन भिंतीशी बसायचे. जेवण त्यानंतर. आधी 'उपासना संगीत'मधलं एक गीत व्हायचं, बहुतेक वेळा टिळकांचं. ना. वा. टिळकांनी गीतं अभंगाच्या, भजनाच्या चालीवर बांधली, म्हणून आमच्या आयाबायांना ती शिकवावी लागली नाहीत, कानावर पडली आणि बसली. टाळ एकच होता, तो माझ्या बहिणीकडं. मग आण्णा बायबल उघडायचे. काल जिथं थांबलो त्याच्या पुढचा अध्याय. ओळीखाली बोट ठेवून, अक्षर जुळवत वाचायचे. वंशावळी आल्या तरी सोडायचे नाहीत. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, असं पान पान चालायचं आणि धाकटा भाऊ तिथंच आडवा व्हायचा. शेवटी प्रार्थना, आणि मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. शेजारी माळकरी बाबा राहत. त्यांचा हरिपाठ साधारण त्याच वेळेला. कधी ते काही कामानं आले आणि आमचं चालू असलं, तर ओट्यावर टोपी काढून बसून राहायचे. आमचं संपलं की मग हाक मारायचे. आम्हीही त्यांच्या हरिपाठात कधी मध्ये हाक मारली नाही.

आजीला वाचता येत नव्हतं. मास्तरांची बायको असून अक्षरं तिला जुळली नाहीत. पण एका बायबलबाईनं तिच्याकडून वचनं पाठ करून घेतली होती. ती अशी पाठ की आण्णांचा वाचताना शब्द अडला तर आजी अंधारातून पुढचा शब्द सांगायची. पुढं मोतीबिंदूनं तिची नजर गेली आणि तिचे कान आणखी तिखट झाले. पेरणाऱ्याचा दाखला तिचा आवडता. वाटेवर पडलेलं बी पाखरांनी खाल्लं, खडकाळ जागेवरचं उन्हानं वाळलं, काट्यांतलं घुसमटून गेलं. ती म्हणायची, "आपलं रान काय सगळंच काळं हाय का? बरड हाय, मुरमाड हाय. पर खुरपं हाताला असलं म्हंजी बरडात बी चार दाणं व्हत्यात."

१९७२ साल आलं. त्या दुष्काळाबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. विहिरी आटल्या, जनावरं बाजारात मातीमोलानं गेली. दुष्काळी कामावर खडी फोडायची, मुलांना सुकडी मिळायची आणि घरात अमेरिकेचा लाल मिलो शिजायचा. मला सांगायची आहे ती गोष्ट एका बाभळीची.

आमच्या आणि नानांच्या, म्हणजे चुलत्यांच्या रानामधल्या बांधावर आजोबांनी राखलेली एक बाभूळ होती. चांगली जुनी, दोघांच्या कवेत न मावणारी. त्या उन्हाळ्यात नानांनी ती कुणाला न विचारता लाकूडवाल्याला विकली. आण्णा सकाळी रानात गेले तर बांधावर बुंधा तेवढा राहिलेला. बाभूळ आण्णांच्या हिश्शात होती, असं आण्णांचं म्हणणं. ती बांधाची होती आणि बांध दोघांचा, असं नानांचं. भर रस्त्यात शब्दाला शब्द वाढला. नाना थोरल्या भावाला नको ते बोलले. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. आम्ही चुलत भावंडं शाळेत सुद्धा वेगळी बसू लागलो.

उपासना मात्र एक दिवस चुकली नाही. आणि तिथंच मला ती गोष्ट कळली. प्रभूच्या प्रार्थनेत ऋण सोडण्याची एक विनवणी आहे. आम्ही दुसऱ्यांचं सोडलं तसं देवानं आमचं सोडावं, अशा अर्थाची. मराठी बायबलात तिथं शब्दच ऋण असा आहे आणि शेतकऱ्याच्या कानाला तो नुसता पुस्तकी लागत नाही. सोसायटीचं कर्ज, सावकाराचं देणं, सगळं त्यात आठवतं. तर त्या ओळीपाशी आलं की आण्णा गप्प व्हायचे. आई म्हणायची, आजी म्हणायची, आम्ही पोरं म्हणायचो. पुढची ओळ सुरू झाली की आण्णांचा आवाज पुन्हा मिसळायचा.

आधी वाटलं, खोकला आला असेल. मग मी रोज कान देऊन ऐकू लागलो. रोज तेच. चर्चमध्ये प्रभूभोजनाच्या रविवारीही आण्णा मागच्या बाजूला बसून राहायचे, पुढं जायचे नाहीत. पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, तर नुसती मान हलवली.

असे कितीतरी महिने गेले. एके संध्याकाळी प्रार्थना संपली, आई ताटं घ्यायला उठली आणि आजी म्हणाली, "समद्यांचा आवाज आला. तुझा न्हाई आला."

घरात कुणी हललं नाही. आण्णा खाली बघून म्हणाले, "खोटं कसं बोलू, बाई? सोडलं न्हाई तर सोडलं म्हणू का देवाला?"

आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खोटं बोलूच नगं. पर गप बसून बी भागायचं न्हाई. रोज त्या जागेला येऊन अडतुयास, ही बी देवाचीच दया म्हण. बसायचंच सोडलं असतंस तर अडलं हाय हे तरी कुठं कळलं असतं?"

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. त्या बोलण्याचा अर्थ मला कळला असं म्हणणार नाही. पण वाक्य लक्षात राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात आण्णा आणि नाना एकाच पाझर तलावाच्या कामावर होते. एका गावची माणसं, एकाच हजेरीपटावर, पण तोंडं दोन दिशांना. आठवड्याच्या पगाराच्या दिवशी नानांचे तीन दिवस हजेरीत लागलेच नव्हते. हजेरी लिहिणारा म्हणाला, "तू कामावर होतास ह्याला साक्षी कोण?" नानांच्या बाजूचे दोघं काम सोडून गेलेले. बाकीचे आपापल्या पैशाच्या घाईत. आण्णा रांगेत मागं उभे होते. मी त्यांची भाकरी घेऊन गेलेलो, म्हणून हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आण्णांनी गप्प राहायचं ठरवलं असतं तर कुणी त्यांना बोल लावला नसता. पण ते पुढं झाले आणि म्हणाले, "होता. तिन्ही दिस होता. माझ्या शेजारच्या खड्ड्यात होता." इतकंच. नानांकडं पाहिलंही नाही.

त्या संध्याकाळी आईनं कंदील लावला. आम्ही बसलो. आण्णा हातपाय धुऊन आले, भिंतीशी टेकले आणि म्हणाले, "थांबा जरा." पायात वहाणा घालून बाहेर पडले. रॉकेल रेशनचं. आईनं वात बारीक केली. आम्ही भुकेले, पण कुणी जेवायला मागितलं नाही. तासाभरानं आण्णा एकटेच परत आले. काय बोलणं झालं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. बसले, अध्याय वाचला आणि त्या ओळीपाशी त्यांचा आवाज आला. चिरका आला, पण आला.

आजी एवढंच म्हणाली, "आता भरलं घर."

बाभूळ काही परत आली नाही. तिचे पैसेही आले नाहीत. बांध होता तिथंच राहिला. नाना आणि आण्णा पुढं कधी गळ्यात गळे घालून हिंडले असंही नाही. पण दिवाळी-नाताळाला ताटं इकडून तिकडं जाऊ लागली आणि आजीला मातीला नेताना दोघा भावांनी पुढचा खांदा दिला.

आता माझं सांगतो.

१९८४ साली मी पिंपरीला कारखान्यात लागलो. तीन पाळ्यांची नोकरी. सुरुवातीला खोलीवर संध्याकाळी बायबल उघडायचो. दुसरी पाळी आली की राहून जायचं. मग पहिल्या पाळीतही राहू लागलं. मी देव सोडला नव्हता. रविवारी चर्चला जायचो, नाताळाला नवे कपडे घ्यायचो, वर्गणी द्यायचो. विचारलं असतं तर छातीवर हात ठेवून विश्वासी आहे म्हणालो असतो. एक दिवस नाही बसलं तर काही होत नाही, हे माझं लहानपणचंच म्हणणं. शेत जिथल्या तिथं दिसत होतं. कणीस वाकवून दाखवणारं कुणी जवळ नव्हतं.

आई १९९९ला गेली, आण्णा २००३ला. मृत्युपत्र नव्हतं. साडेचार एकर जमीन आणि आम्ही तीन भावंडं. मी, माझ्या पाठची बहीण आणि धाकटा भाऊ. आम्हां ख्रिस्ती लोकांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागतो. त्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. तिघांना सारखं, म्हणजे दीड-दीड एकर. हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. सातबारावर वारस म्हणून तिघांची नावं लागली होती. पण गावात बहिणींनी हक्क सोडायचा रिवाज, आणि त्या बाबतीत आमचं घर गावासारखंच. एका दुपारी आम्ही दोघा भावांनी तिला बोलावून घेतलं. हक्कसोडपत्रावर तिनं सही केली. एक साडी आणि माहेरी येण्याजाण्याचा शब्द एवढं तिला दिलं. मला सव्वादोन एकर आले, भावाला सव्वादोन. आण्णांचं बायबल कुणी मागितलं नाही, म्हणून तेही मीच आणलं आणि घरी काचेच्या कपाटात ठेवलं.

पुढं कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती दिली आणि संध्याकाळी मोकळ्या झाल्या. सात वाजले की मी टीव्ही लावायचो. एक दिवस बायको सहज म्हणाली, "आण्णा असते तर ह्या वेळेला टीव्ही बंद असता, नाही का हो?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच लागलं. दुसऱ्या दिवशी कपाटातून बायबल काढलं. पानांच्या कडांना कंदिलाची काजळी आणि बोटांचे डाग तसेच होते.

पहिले काही आठवडे फार कोरडे गेले, हे खरं सांगितलं पाहिजे. वाटलं होतं, पुस्तक उघडलं की लहानपणचं घर परत येईल. तसं काही झालं नाही. वाचताना डुलकी लागायची. कधी नुसते अध्याय मोजायचो. पण आण्णांना तरी रोज कुठं गोड लागत असणार? दिवसभर खडी फोडून आलेला माणूस वंशावळी वाचत होता. रानातल्या मान्न्याची गोष्ट आहे, इस्राएल लोकांना रोज सकाळी त्या दिवसापुरतंच मिळायचं, साठवलं तर किडे पडायचे. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढं दोन दिवसांचं गोळा करायचं. मी पंचवीस वर्षांपूर्वीच्या मान्न्यावर जगत होतो. आता रोजचं रोज वेचायला बसलो, एवढंच.

तीनेक महिने झाले असतील. आम्ही दोघं नवरा-बायको प्रभूची प्रार्थना म्हणत होतो. त्या ओळीपाशी मी दरवेळी मनात माझे ऋणी मोजायचो. बढती अडवणारा एक साहेब, उसने पैसे बुडवणारा एक मित्र. सोडलं बाबा, सोडलं, असं म्हणून पुढं जायचो आणि बरं वाटायचं. त्या दिवशी ओळीचा दुसरा भाग तोंडात आला आणि डोळ्यापुढं बहीण उभी राहिली. टाळ वाजवणारी, आजीचा हात धरून तिला बसवणारी. आणि कळलं की इथं मी सावकार नाही, देणेकरी आहे. साठ गुंठ्यांचा हिशेब, त्यातले तीस माझ्याकडं. माझा आवाज बंद झाला. बायकोनं एकटीनं प्रार्थना पुरी केली.

मग मला आण्णांचं वर्ष कळलं. त्यांना सोडायचं होतं, मला परत करायचं होतं, पण अडायची जागा तीच. आठ-दहा दिवस मी रोज तिथं येऊन अडलो. टीव्ही पुन्हा लावावा, असंही एक-दोनदा मनात आलं. अकराव्या दिवशी बहिणीला फोन केला.

"तुझ्या जमिनीचं बोलायचंय," म्हटलं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा, मी सही करून आले ना, त्या संध्याकाळी प्रार्थनेला बसलेच न्हाई. पुढं आठ दिस न्हाई बसले. आण्णांसारखं तिथं अडंल म्हणून भ्या वाटायचं. मग बसले, तर अडलंच. पुष्कळ दिस अडलं. मग एक दिस तुम्हा दोघांची नावं घेऊन म्हटलं. झालं ते. तू कशाला आता काढतो?"

म्हणजे माझं ऋण तिनं कधीच सोडलं होतं. मी कपाटात बायबल ठेवून टीव्ही पाहत होतो, त्या वर्षांत ती रोज माझं नाव घेऊन ती ओळ म्हणत होती.

मी म्हटलं, "तू सोडलंस बाई. पण घेतलेलं माझ्याकडंच हाय की."

तीस गुंठ्यांवर तिचं नाव लागायला दीड वर्ष आणि पुष्कळ हेलपाटे गेले. धाकटा भाऊ माझ्यावर चिडला. त्याच्याकडच्या तीस गुंठ्यांचा विषय तो काढत नाही, मीही काढत नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करतो. करताना मी फार शहाणा झालो असा सूर येऊ लागला की थांबतो. तेही एक पाखरूच आहे, आणि ते बरोबर शेंड्यावर बसतं.

आता संध्याकाळी साडेसातला मी बहिणीला फोन लावतो. फोन मध्ये ठेवायचा, इकडं आम्ही दोघं, तिकडं ती आणि तिची नात. अध्याय ठरलेला असतो, काल थांबलो त्याच्या पुढचा. फोनवर आवाज मागंपुढं येतात, ओळ एकसाथ होत नाही. त्या एका ओळीपाशी मात्र आम्ही दोघंही जरा सावकाश होतो. तिचा आवाज आला का, हे मी ऐकतो. तीही माझा ऐकत असणार.

यंदा हुरड्याला गावी गेलो होतो. बहिणीच्या तुकड्यात शाळू उभा होता. तिची नात माळ्यावर बसून मोबाईल बघत होती आणि पाखरं खुशाल उतरत होती. मी तिला हाक मारली, खाली उतरवलं आणि एक कणीस वाकवून दाखवलं.